नवव्या इनिंगमध्ये तरी बेसबॉलचं घड्याळ बंद ठेवा

फेनवेकर

1985 साली शिकायला बॉस्टनला आलो. पुढच्या एप्रिलमध्ये लॅबमधल्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला फेनवे पार्कला, म्हणजे बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाच्या मैदानावर नेलं, हातात पेन्सिल आणि स्कोअरकार्ड दिलं आणि म्हणाला, नुसतं बघू नकोस, लिही. तेव्हापासून माझं वर्ष बेसबॉलनेच सुरू होतं. एप्रिलमध्ये कानटोपी घालून बसायचं, जुलैत मागच्या पायऱ्यांवर रेडिओ लावायचा, सप्टेंबरात मैदानावर लांबत जाणाऱ्या सावल्या बघायच्या. ऑक्टोबर, म्हणजे बाद फेरी, नशिबात असेल तर.

त्याच वर्षीच्या, 1986 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, सहावा सामना होता. नऊ इनिंगमध्ये बरोबरी, रेड सॉक्स जादा दहाव्या इनिंगमध्ये 5-3 ने पुढे, मेट्सचे दोघे बाद (तिसरा बाद झाला की संपलं), बेसवर, म्हणजे धावणाऱ्याच्या थांब्यांवर, कोणी नाही. तिथून सामना गेला. शेवटचा चेंडू आमच्या बिल बकनरच्या पायांतून सुटला तो मी आजही डोळे मिटले की बघतो. 2008 च्या एप्रिलमध्ये बकनर फेनवेवर मानाचा पहिला चेंडू टाकायला आला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. मी रडलो.

हे सांगायचं कारण 2023 पासून अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आलेलं घड्याळ. बेस रिकामे असतील तर पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) चेंडू टाकायला 15 सेकंद. बेसवर कोणी असेल तर आधी 20 होते, 2024 पासून 18. शिवाय एका बॅटरच्या वेळी पिचरने धावणाऱ्याला बाद करायला दोनदाच बेसवर फेकायचं किंवा माउंडवरून (चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून) पाय काढायचा. तिसऱ्यांदा फेकलं आणि धावणारा बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे धावणाऱ्याला पुढचा बेस फुकट.

आता 17 ऑक्टोबर 2004 आठवा. न्यूयॉर्कचे यांकीज वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत 3-0 ने पुढे, नववी इनिंग, आम्ही 3-4 ने मागे, माउंडवर त्यांचा मारियानो रिव्हेरा. पहिल्या बेसवर आमचा डेव्ह रॉबर्ट्स, तो दुसऱ्या बेसकडे पळणार हे सगळ्या बॉस्टनला ठाऊक. रिव्हेराने बॅटरला एकही चेंडू न टाकता तीन वेळा पहिल्या बेसवर फेकलं. मग रॉबर्ट्स पळाला आणि इंचभराने वाचला. बिल म्युलरच्या फटक्यावर बरोबरी, बाराव्या इनिंगमध्ये आमच्या ऑर्टिझचा होमरन (षटकारासारखा फटका), आणि त्या महिन्याअखेरीला 1918 नंतरचं पहिलं विजेतेपद. आजच्या नियमात तिसऱ्या फेकीलाच बॉक झाला असता. ज्या क्षणासाठी शहर 86 वर्षं थांबलं होतं, तो अंपायरने हात करून उरकला असता.

घड्याळ आठ इनिंग ठेवा. नवव्यापासून पुढे बंद करा. एवढीच मागणी आहे.

हडसनकाठी

काका, मी यांकीजवाली, त्यामुळे 2004 चं दुःख माझ्या बाजूचं. पण घड्याळाच्या बाबतीत मी ठाम विरोधात आहे.

मंगळवारी संध्याकाळी सातला सामना सुरू होतो. माझी मुलगी नऊ वर्षांची. 2022 पर्यंत आम्ही सातव्या इनिंगला उठायचो, कारण सकाळी शाळा. सामन्याची सरासरी तीन तासांच्या वर होती, 2023 मध्ये ती 2 तास 40 मिनिटांवर आली. आता ती शेवटचा बाद होईपर्यंत बसते. नववी इनिंग तिला घड्याळामुळेच बघायला मिळाली.

ती वीस-पंचवीस मिनिटं रिव्हेराच्या ताणातून कापलेली नाहीत. जूनमधल्या एखाद्या सामन्यात तिसऱ्या इनिंगला बॅटर दर चेंडूनंतर हातमोजे सोडून परत बांधायचा, तिथून कापली आहेत.

आणि रॉबर्ट्सचंच उदाहरण घ्यायचं तर बेस चोरण्याची, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे पळण्याची, कला मरायला टेकली होती. 2022 मध्ये सगळ्या लीगमध्ये 2,486 वेळा बेस चोरले गेले, 2023 मध्ये 3,503 वेळा. बेसचा आकार वाढवला हेही कारण आहे, पण मोठं कारण तुम्ही ज्याला दोष देता तोच फेकींचा नियम. ब्रेव्ह्ज संघाच्या अकुन्याने त्या एका मोसमात 41 होमरन मारून 73 बेस चोरले. असं माझ्या लहानपणी कुणी केलं नव्हतं.

उजवी_फिरकी

पुण्यातून लिहितोय, बेसबॉल हायलाइट्सपुरताच बघतो. पण शेवटी नियम सैल करा हे पटत नाही. टी-ट्वेंटीत 2022 पासून नेमकं उलटं केलं. षटकं उशिरा टाकलीत तर शेवटच्या षटकांत वर्तुळाबाहेर एक क्षेत्ररक्षक कमी. ऐन मोक्याला शिक्षा बसते म्हणून कर्णधार आधीपासून घाई करतात. शेवटी सूट मिळणार हे कळलं तर सगळे तिथेच वेळ काढतील.

सिएटलचा_पाऊस

फेनवेकरांना माझा पूर्ण पाठिंबा. क्रिकेटमध्ये षटकं मोजलेली असतात. बेसबॉलमध्ये 27 बाद करावेच लागतात, पुढे असलेल्या संघाला वेळ काढून जिंकता येत नाही. म्हणून शेवटी कोणी वेळ काढेल ही भीती इथे लागू पडत नाही.

25 फेब्रुवारी 2023 चा ब्रेव्ह्ज-रेड सॉक्स सराव सामना आठवतो का? नववी इनिंग, 6-6, दोघे बाद, तिन्ही बेस भरलेले, तीन बॉल दोन स्ट्राइक. चेंडू टाकलाच गेला नाही. बॅटर घड्याळाच्या वेळेत तयार नव्हता म्हणून तिसरा स्ट्राइक, म्हणजे बाद, आणि सामना बरोबरीत संपला. सराव होता म्हणून निभावलं. ऑक्टोबरमध्ये हे झालं तर?

हडसनकाठी

ऑक्टोबरचंच सांगते. 2025 च्या वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना, डॉजर्स विरुद्ध ब्लू जेज. घड्याळ चालू होतं, तरी 18 इनिंग, 6 तास 39 मिनिटं, डॉजर्सच्या फ्रीमनच्या होमरनवर शेवट. 2018 चा तुमचा रेड सॉक्सचा सामनाही 18 इनिंगचा होता, त्याला 7 तास 20 मिनिटं लागली. कमी झालेल्या 41 मिनिटांत काय हरवलं, काका, ते सांगा.

फेनवेकर

2025 चा तो सामना मी शेवटपर्यंत पाहिला. ताण होता, हे मान्य. तुझी मुलगी नववी इनिंग बघते हेही मला मोठं वाटतं, आणि बेस चोरण्याबद्दल तू मला गप्प केलंस.

पण काय हरवलं ते माझ्या कार्डावर दिसतं. आधी मी कडेच्या मोकळ्या जागेत लिहायचो: वारा कुठून आहे, बुलपेनमध्ये (राखीव पिचरच्या जागेत) कोण हात गरम करतोय, कॅचर (बॅटरमागचा यष्टिरक्षकासारखा) किती वेळा माउंडवर गेला. आता पेन्सिल वर करेपर्यंत पुढचा चेंडू येतो. गेल्या तीन मोसमांच्या कार्डांच्या कडा कोऱ्या आहेत.

2004 च्या त्या रात्रीचं कार्ड मी टीव्हीसमोर बसून लिहिलं होतं. आज ते पुन्हा काढलं. रॉबर्ट्सच्या चौकोनाशेजारी तीन बारीक रेघा आहेत, प्रत्येक फेकीची एक. तिसरी इतकी दाबून ओढली आहे की कागद फाटलाय.