शनिवारचा हॉल रिकामा नसतो

विषय: मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची तालीम, हॉल हवाय

मंडळी,
चर्चचा हॉल शनिवारी संध्याकाळी ओस पडलेला असतो, तरी ऑफिसातून ‘नाही’ आलं. भाडं आपण वेळेवर भरतो, मग घोडं अडलं कुठे? कुणाची ओळख असेल तर शब्द टाका. नाहीतर पुन्हा आमचं गॅरेज, आणि दुसऱ्या अंकात वॉशिंग मशीन.
– नाट्यविभाग

उत्तर:

अरे दादा, ओस कसला! दोन वर्षं मी दर शनिवारी तिथेच असते. शेजारच्या आजींचे गुडघे गेले, त्यांना गाडीने सोडायला गेले आणि हातात इस्त्री आली. त्या ऑल्टर गिल्डमध्ये आहेत, म्हणजे रविवारच्या पूजेची तयारी करणाऱ्या बायका. वेदीवरच्या चौकोनी वस्त्राला दोन्हीकडून तीन-तीन घड्या, उलगडलं की बरोबर नऊ चौकोन दिसले पाहिजेत. पेला पुसायच्या रुमालांवर वाइन आणि लिपस्टिकचे डाग. पण त्यांचं पहिलं पाणी साध्या सिंकमध्ये ओतायचं नाही. कोपऱ्यात वेगळं सिंक आहे, त्याचा पाइप गटाराला न जाता थेट मातीत उतरतो. आजी समजवायला लागल्या तर म्हटलं, कळलं, निर्माल्य आम्हीही गटारात टाकत नाही.

हे सगळं हॉलच्याच टेबलांवर चालतं, कारण आतली खोली एवढीशी. त्याआधी सकाळी तिथेच फूड पँट्री, म्हणजे गरजूंना धान्य-भाजीचं वाटप, बटाट्याची पोती दुपारपर्यंत असतात. रविवारी आठला बिनगाण्याची उपासना, जुन्या वळणाच्या इंग्रजीत, मोजून पंधरा डोकी. साडेदहाला कॉयर म्हणजे गायकवृंदासकट मोठी, मग कॉफी. सोमवारी रेक्टरबाईंची, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंची, सुट्टी. मंगळवारी बायबल वाचन, आणि महिन्यातून एकदा व्हेस्ट्रीची, म्हणजे चर्चच्या कारभारी समितीची, बैठक. तिथे छपराच्या गळतीवर होणारी भांडणं ऐकलीत तर आपली कार्यकारिणी संत वाटेल. गुरुवारी कॉयरची तालीम. तळघरात रोज संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची सभा असते, तेव्हा जिन्यात उभं राहून फोनवर बोलू नका.

आणि खरं सांगू? गणपतीला आपण त्यांच्या साठ कपांच्या कॉफीच्या भांड्यात मसाला चहा उकळला. पुढचे तीन रविवार त्यांच्या कॉफीला आलं-वेलचीचा वास. तोंडावर कुणी बोललं नाही, पण इमारतीचं बघणाऱ्या ज्युनियर वॉर्डननी भांड्याला ‘फक्त कॉफी’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

उत्तर:

काकू, म्हणजे १८९० चं उट्टं निघालं! तेव्हा पुण्यात पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे चहाला गेले, गोपाळराव जोशांनी नावं फोडली, ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा वाद झाला, रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते मिशनही अँग्लिकनच, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचं, आणि आपलं हे एपिस्कोपल चर्च त्याच पंथाची अमेरिकन शाखा, तेव्हा एकाच घरातलं. आपण चहा पाजून त्यांना बाटवलं.
एक शंका: रेक्टर बाई कशा?

उत्तर:

१९७६ च्या त्यांच्या जनरल कन्व्हेन्शनने, म्हणजे सर्वोच्च सभेने, स्त्रियांना पौरोहित्य खुलं केलं. आता हाक मारताना ‘फादर’ऐवजी कुणी ‘मदर’ म्हणतं, कुणी नुसतं नाव घेतं. आपण ‘बाई’ म्हणू.

दादा, शुक्रवारी सात ते नऊ हॉल खरंच मोकळा असतो, मी कॅलेंडर बघून आले. फक्त खाली सभा चालू असते, म्हणून ढोलकी साडेआठनंतर. अर्ज वॉर्डनकडे द्यायचा. आणि या रविवारी जाऊन या, संत फ्रान्सिसच्या सणानिमित्त अंगणात पाळीव प्राण्यांना आशीर्वाद देतात. गेल्या वर्षी एका मुलीने बरणीत गोगलगाय आणली होती. बाईंनी झाकण उघडून तिच्यावरही पाणी शिंपडलं, अगदी बेताने, एक थेंब.

उत्तर:

शुक्रवार पक्का. अर्जासोबत नवं कॉफीचं भांडं घेऊन जातो. जुनं धुऊन चहासाठी आपल्याला देतात का, तेवढं काकूंनी विचारावं.
– नाट्यविभाग