मदत हवी आहे: न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषशास्त्र विभाग तळमजल्यावर घ्यावा की वरच्या मजल्यावर?

नमस्कार.

बी.आर्क.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधासाठी मी खान्देशातील तीन जिल्ह्यांकरिता न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा आराखडा करीत आहे. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद असल्याने मुद्देमाल वाढत जाणार, हे गृहीत धरून मी जागा मोजली आहे. जागा जळगाव–भुसावळ महामार्गालगत कल्पिली आहे.

डीएनए विभागाचे फारसे अडले नाही. पीसीआरचे (डीएनएच्या असंख्य प्रती करण्याच्या प्रक्रियेचे) मिश्रण तयार करण्याची खोली आणि पीसीआरनंतरची खोली स्वतंत्र, पहिलीत हवेचा दाब जास्त, दुसरीत कमी आणि कामाचा ओघ एकाच दिशेने, एवढे पथ्य पाळले की बाकीचे जमते.

खरी अडचण विषशास्त्राची आहे. आपला पट्टा कापसाचा. त्यामुळे कीटकनाशकाच्या विषबाधेचे व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने) येथे मोठ्या संख्येने येतील असे मी धरले आहे. मिठाच्या संपृक्त द्रावणातल्या त्या बरण्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, पोलीस गाडीतून उतरल्या की लगेच शीतकक्षात जायला हव्यात. म्हणजे तळमजला सोयीचा. परंतु फ्यूम हूडची (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या, पुढे सरकती काच असलेल्या कपाटाची) हवा छताच्या वर सोडावी लागते आणि नळ जितका आखूड तितके बरे, म्हणजे वरचा मजला सोयीचा! शिवाय दीड मीटर रुंद हूडची काच ४५ सेंटीमीटर उघडी ठेवून सेकंदाला अर्धा मीटर वेग धरला, तर एकच हूड ताशी सुमारे १,२०० घनमीटर थंड केलेली हवा बाहेर फेकतो. असे सहा हूड आहेत. आपल्या उन्हाळ्यात तेवढी हवा पुन्हा थंड करण्याचा भार पाहून मी दोनदा आकडेमोड तपासली.

तळमजल्यावर हक्क सांगणारा आणखी एक विभाग आहे. गोळ्या-पुंगळ्यांच्या तुलनेच्या सूक्ष्मदर्शकाला हादरे चालत नाहीत, आणि येथे महामार्गावरचे ट्रक तर आहेतच, खाली उन्हाळ्यात भेगाळणारी व पावसात फुगणारी काळी मातीही आहे.

सध्या माझा कल विषशास्त्र वर नेऊन मुद्देमालासाठी मागच्या बाजूला स्वतंत्र, कुलूपबंद लिफ्ट देण्याकडे आहे. मात्र ती लिफ्ट बंद पडली, तर सीलबंद बरण्या कार्यालयाच्या जिन्याने न्याव्या लागतील आणि मुद्देमालाच्या ताब्याची साखळी (तो कोणाकडून कोणाकडे गेला याची अखंड नोंद) न्यायालयात प्रश्नात सापडेल, ही धास्ती वाटते.

अशा प्रयोगशाळेत काम केलेल्या किंवा औषध कंपनीची प्रयोगशाळा उभारलेल्या जाणकारांनी कृपया सांगावे: प्रत्यक्षात कोणती मांडणी कमी त्रासाची ठरते? आणि सूक्ष्मदर्शकाच्या ओट्याला इमारतीपासून वेगळा पाया दिल्यास काळ्या मातीत तो टिकतो का?