जुन्या वास्तूत आजची कला: तुम्ही कुठे, काय पाहिलंत?

नमस्कार मंडळी. मी जळगावची, शाळेत चित्रकला शिकवते. आपल्याकडे बंद पडलेल्या जिनिंगच्या शेड, गिरण्यांच्या चिमण्या, ओस गोदामं जागोजागी दिसतात. अशाच जुन्या वास्तूंत जिथे आजच्या कलावंतांचं काम मांडलंय, तिथे कोणी गेलंय का? चित्रं आवडली की नाही एवढ्यावर थांबू नका. तिथे पूर्वी काय चालायचं आणि ते आत शिरल्यावर जाणवलं का, हे जरूर लिहा. नववीच्या वर्गाला वाचून दाखवायचंय. उत्तराच्या वर आपल्या गावाचं नाव टाका.

अमळनेर

२०१७ च्या फेब्रुवारीत आबांना घेऊन कोचीला गेले होते. भुसावळहून मंगला एक्सप्रेस, लांबचा प्रवास. आबा कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर, होते. चित्रांचं प्रदर्शन म्हटल्यावर नकोच म्हणाले होते, समुद्र दिसेल म्हणून तयार झाले.

कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, २०१२ साली सुरू झाली. आम्ही गेलो तेव्हा तिची मुख्य जागा होती फोर्ट कोचीतलं अ‍ॅस्पिनवॉल हाउस. पाण्याला लागून असलेली ही जुनी व्यापारी पेढी, मिरी, आलं, खोबरेल, काथ्या असा माल इथून जायचा. उंच छपरं, जाड भिंती, खिडकीतून जाणारी जहाजं. कापसाच्या गासड्या पाहिलेल्या माणसाला गोदाम ओळखायला वेळ लागत नाही. आबा आधी छताकडेच बघत राहिले.

एका गोदामात चिलीचे कवी राउल झुरिता यांनी समुद्राचं पाणी भरून ठेवलं होतं. चप्पल काढायची, कपडे वर धरायचे आणि पिंढरीएवढ्या पाण्यातून पार टोकाच्या भिंतीपर्यंत चालत जायचं. तिथे कविता होती, गालिप कुर्दीसाठी. किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या सीरियन निर्वासित मुलाचा, लहानग्या अ‍ॅलन कुर्दीचा फोटो २०१५ मध्ये सगळ्या जगाने पाहिला. त्याच्याबरोबर बुडालेला त्याचा मोठा भाऊ गालिप. त्याचा तसा फोटो कोणी पाहिला नाही.

आबांनी धोतर वर खोचलं. “हाई काय शे?” म्हणाले. मी मराठीत सांगितलं. ते काही बोलले नाहीत. परत येताना मात्र एक हात भिंतीला लावून, पायाने जमीन चाचपत चालत होते. बाहेर येऊन पाय पुसताना म्हणाले, “रंगखातामा असंच पानी ऱ्हाये.” गिरणी बंद झाल्यापासून त्या दिवसांबद्दल ते स्वतःहून बोलल्याचं मला आठवत नाही. त्या संध्याकाळी रात्री नऊपर्यंत बोलत होते. भोंग्याबद्दल, पाळीबद्दल, साचा अडला की काय करायचे त्याबद्दल.

दीपनगर

ताई, आबांना नमस्कार सांगा. मी इथल्या औष्णिक वीज केंद्रात टर्बाइनवर नोकरी केली. मुलगा लंडनला असतो, त्याने टेट मॉडर्न दाखवलं. थेम्सकाठचं बँकसाइड वीज केंद्र १९८१ मध्ये बंद झालं आणि २००० साली तिथे कलासंग्रहालय उघडलं. ९९ मीटरची चिमणी तशीच आहे. टर्बाइन हॉलमध्ये उतारावरून खाली जाता आणि समोर नुसती मोकळी जागा. यंत्रं काढलेली, पण वरची क्रेन जागेवर. मी पायथ्याशी उभा राहून मनातल्या मनात सेट बसवत होतो: इथे टर्बाइन, तिथे जनरेटर.

मग कानाला ओळखीचा घुमारा लागला. मुलाला म्हटलं, ट्रान्सफॉर्मर चालू आहे. त्याला वाटलं भास. विचारलं तर खरंच, इमारतीच्या एका भागात उपकेंद्र राहू दिलं होतं. खाली तेलाच्या जुन्या टाक्यांमध्येही कला मांडतात. गोल काँक्रीटच्या भिंती, अंधार. तिथलं काम मला फार समजलं नाही, पण टाकी न पाडता तिच्यात माणसं आणायची हे सुचलं त्याला मी मानतो.

धुळे

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मुंबईला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय पाहिलं. जॉर्ज विटेट यांनी बांधलेला १९११ चा कावसजी जहांगीर हॉल; सभा आणि मैफली व्हायच्या तिथे. १९९६ पासून संग्रहालय. आत नवे मजले घातलेत, अर्धगोल दालनांतून चढत जाता आणि शेवटी घुमटाखाली पोचता. आवाज घुमतो का बघायला तिथे मी हळूच ‘अ’ म्हणून पाहिलं.

एक तक्रार आहे. दुसऱ्या एका ठिकाणी सगळ्या पाट्या फक्त इंग्रजीत होत्या. सोबत आलेली माझी आई तासभर बाकावर बसून राहिली. ते मला अजून टोचतं.

पाचोरा

माझं मत जरा वेगळं. वास्तू फार देखणी असली की चित्रं मागे पडतात. मी कोचीत दारं आणि कौलंच बघत फिरलो. घरी आल्यावर एकाही चित्रकाराचं नाव आठवेना. मुलांना आधी चित्रं दाखवा, मग भिंती.

चाळीसगाव

पाचोऱ्याच्या भाऊंचं इथे पटणार नाही, कारण इथे दोन्ही एकच आहे. छायाचित्रकार केकी मूस यांचं स्टेशनजवळचं घर. जवळपास पन्नास वर्षं ते या घरातून क्वचितच बाहेर पडले, १९८९ मध्ये गेले. टेबलावर छोट्या वस्तू मांडून अख्खा देखावा उभा करायचे आणि त्याचा फोटो काढायचे. ते फोटो, चित्रं, शिल्पं याच घरात बघायला मिळतात. फोटोसमोर उभं असताना बाहेरून गाडी धडधडत जाते, आणि त्यांनीही हाच आवाज ऐकत काम केलं असेल हे लक्षात येतं.

बाई, लंडन-कोची मुलं पुढे बघतील. जळगावहून सकाळच्या गाडीने वर्ग घेऊन या. किती जण येणार तेवढं कळवा, दुपारच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आमच्याकडे.