विषय: गावाकडचं ‘औषध’ आणि आपली लहान मुलं

नमस्कार मंडळी,

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दारव्ह्याजवळच्या आमच्या गावाहून वहिनीचा फोन आला. भाच्याचा अडीच वर्षांचा मुलगा लाकडी नंदी घेऊन कोठ्यात (गोठ्यात) गेला होता. दावणीजवळ कोल्ड्रिंकची बाटली होती आणि तिच्यात कपाशीवर फवारून उरलेलं औषध. दोन घोट गेले असतील. तोंडाला फेस, अंग घामानं चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आजीनं घाबरून मिठाचं पाणी पाजलं. मोटरसायकलवर मधे धरून आधी तालुक्याला नेलं, तिथून यवतमाळला. लेकरू वाचलं. चार दिवसांनी बोलायला लागलं तेव्हा म्हणालं, “बाबाचं औषद पेलं.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. खोकला झाला की त्याची आई चमचा पुढे करून म्हणते, “औषध घे राजा, बरं वाटते.” बाप पंप पाठीवर घेताना म्हणतो, “औषध मारून येतो.” अडीच वर्षांच्या मुलाने फरक कसा ओळखायचा?

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या यंदाच्या मदतनिधीतून गावातल्या चाळीस घरांना कुलपाच्या लोखंडी पेट्या द्याव्यात, असं मला वाटतं. तुमचं मत कळवा.

— सभासद, मूळ गाव दारव्ह्याजवळ

*

ताई,

बाळ घरी आलं, वाचून जीव भांड्यात पडला. मी बालरोगतज्ज्ञ आहे, शिक्षण नागपूरच्या मेडिकलला झालं. तिथे रात्रपाळीला अशी मुलं मी पाहिली आहेत. तुम्ही सांगितलेली लक्षणं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, म्हणूनच वेळेला एवढी किंमत.

मिठाच्या पाण्याचं आजींना कुणी दोष देऊ नका. पूर्वी सगळेच तसं करायचे. इथे अमेरिकेतसुद्धा उलटी करवणारं इपिकॅक सिरप घराघरांत असायचं, २००३ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ते वापरू नका असं सांगितलं. मिठाच्या पाण्यानं लहान मुलाच्या रक्तातलं मीठ इतकं वाढू शकतं की त्यानंच जीव जाईल. रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेल प्यायलेल्या मुलाला तर उलटी कधीच करवू नये. ते पोटात जितकं घातक, त्याहून कितीतरी जास्त उलटीबरोबर फुप्फुसात गेल्यावर. दूध, तूप, तेलही नको. फवाऱ्याचं औषध अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाच्या पाण्यानं अंग धुवायचं, मूल सुस्त असेल तर कुशीवर ठेवायचं, १०८ ला फोन करायचा आणि बाटली लेबलसकट सोबत न्यायची. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर डॉक्टरांना आणि घरच्यांनाही सल्ला देतं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. उंदीर मारायच्या मलमाची ट्यूब टूथपेस्टसारखी दिसते. त्यात पिवळा फॉस्फरस असेल तर मूल पहिल्या दिवशी थोडं ओकतं, मग खेळायला लागतं, घरचे निश्चिंत होतात. दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते, तोवर यकृत गेलेलं असतं. त्यावर उतारा नाही. मूल खेळतंय म्हणून थांबू नका.

*

ताई, डॉक्टरताई, दोघींना नमस्कार.

मी अकोट तालुक्यातला, घरची कपाशीच. पेट्यांना माझा विरोध नाही, पण दोन खोल्यांच्या घरात किल्ली खिळ्यालाच टांगलेली असणार आणि जुलै ते ऑक्टोबर ती पेटी दर आठ दिवसांनी उघडी पडणार. पेटी घरात नको, कोठ्यात आढ्याजवळ ठोका. मोठ्या माणसानंही हात उंच करूनच काढावं लागलं पाहिजे.

खरी चूक बाटलीत आहे. आमच्याकडे डबा महाग, म्हणून दोघा-तिघांत एक घेतात आणि ज्याच्या-त्याच्या वाट्याचं पाण्याच्या बाटलीत ओततात. लेबल गेलं, झाकण कुणीही उघडेल असं. त्यामुळे मूळ डब्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं नाही, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. रिकामा डबा भोक पाडूनच टाकायचा, नाही तर दुसऱ्या दिवशी त्यात पाणी भरलेलं दिसतं.

आणि शब्दाचं ताईंचं अगदी खरं. “अमक्यानं औषध घेतलं” म्हटलं की गावात सगळे समजतात काय झालं ते. मोठ्यांना कळतं, मुलांना नाही. मुलांसमोर त्याला जहरच म्हणावं. बांधावरच्या चंद्रज्योतीच्या बियांनाही तेच नाव द्यावं. लहानपणी आम्ही शेंगदाण्यासारख्या म्हणून त्या खाल्ल्या होत्या, चौघं रात्रभर ओकत होतो.

*

काका, तुमचा मेल वहिनीला वाचून दाखवला. भाच्यानं संध्याकाळीच कोठ्यात फळी ठोकली आणि डब्यावर डांबरानं ‘जहर’ लिहिलं. पेट्यांचा आकडा कमी करूया. आधी दहा घरांत कोठ्यात ठोकून बघू, पुढची फवारणी होईपर्यंत त्या कशा वापरल्या जातात ते कळेल.

डॉक्टरताई, तुम्ही लिहिलंत ते एका पानावर वऱ्हाडी बोलीत द्याल का? अंगणवाडीच्या ताई आयांना वाचून दाखवायला तयार आहेत. मिठाच्या पाण्याचं सर्वांत वर घाला, आजीनंच सांगितलंय. शुक्रवारपर्यंत मिळालं तर भाचा दारव्ह्याला छापून घेईल.