छज्जाची सळई: टिक ऑफिसात की साइटवर?

चेकलिस्ट असली की नवखा इंजिनिअरही चुकत नाही, असं म्हटलं जातं. डिझाइनपुरतं मान्य. पण टिक कुठे बसून केली, हा मुद्दा राहून गेला.

नागपूरच्या बेसा भागातल्या एका घराची माझी साइट. ऑफिसातल्या यादीत 'बाल्कनीची वरची सळई' यावर टिक झालेली, ड्रॉइंगही बरोबर. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी सहज टेप लावला, तर 125 मिमीच्या छज्जात वरची जाळी चांगली 40 मिमी खाली बसलेली! मजूर दिवसभर त्यावरून पाट्या घेऊन चाललेले आणि खाली चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार) जेमतेम चार. छज्जाला ताण वरच्या बाजूला येतो, म्हणजे छज्जाची ताकद बरीच घटली असती. आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे 200 मिमीपर्यंतच्या परिणामकारक खोलीला (छज्जात तळापासून वरच्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर) फक्त 10 मिमी इकडेतिकडे चालतं.

तेव्हापासून माझ्या यादीत 'सळई आहे का' असा प्रश्नच नाही. तिथे रकाना आहे: 'शटरिंगपासून वरच्या सळईची उंची ___ मिमी' (शटरिंग म्हणजे काँक्रीटचा खालचा साचा), आणि तो काँक्रीट ओतायच्या तासभर आधी, छज्जावर उभं राहूनच भरायचा. आकडा लिहायचा म्हटलं की टेप काढावाच लागतो. आणि हो, चेअर मीटरभर अंतराने हव्यातच, त्यात कंजुसी करू देऊ नका.