पाहुण्यांना बीच आणि चर्च सोडून कुठला गोवा दाखवता? अनुभव लिहा

नोकरीमुळे पणजीत राहते. सासरची मंडळी येतायत, दरवेळी तेच फोंतेन्हासच्या रंगीत भिंतींपुढे फोटो. गावडे, कुणबी, वेळीप ही इथली मूळ माणसं, त्यांचा इतिहास कुठे बघायला मिळतो? स्वतः गेला असाल तरच लिहा.

—

उसगाळीमळ, रिवणच्या पुढे. कुशावतीच्या काठी जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठा चक्रव्यूह कोरलाय. आम्ही भर दुपारी पोचलो, काहीच दिसेना, आमच्या ह्यांनी "यासाठी एवढं पेट्रोल जाळलं?" म्हणून तोंड वाकडं केलं, मग तिथल्या एका काकांनी बाटलीतलं पाणी ओतलं आणि ओल्या दगडावर आधी शिंगं, मग वशिंड, अख्खा बैल वर आला. अभ्यासकांना ही जागा १९९३ मध्ये कळली, तीही गावातल्या लोकांनी दाखवली म्हणून!

—

कुंकळ्ळी. १५८३ ला पोर्तुगीजांनी देवळं पाडल्याच्या रागातून पाद्री मारले गेले, मग बोलणीच्या नावाखाली गावकरांना, म्हणजे गावच्या प्रमुखांना, असोळणेच्या किल्ल्यात बोलावून कापलं. स्मारक आहे.

—

वरचे भाऊ, कुंकळ्ळीचे गावकर जमीनवाले होते हो, ताईंनी विचारलंय वेगळंच. देवळाच्या सेवेला बांधलेल्या कलावंत घराण्यांचं कोणी काढतच नाही. गायिका केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यातल्याच. मोगूबाईंचं कुर्डी साळावली धरणात गेलं, पण मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात, विस्थापित लोक देवळापाशी जमतात. मी गेलो तेव्हा एक आजी नुसत्या चौथऱ्यावर उभं राहून नातवाला चूल कुठे होती ते दाखवत होत्या. मेमध्येच जा, एरवी फक्त पाणी.

—

मी गावडा, मराठी शाळेत शिकलो म्हणून लिहितोय. आम्हाला एसटी म्हणजे अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ ला मिळाला, आणि धनगर अजून थांबलेत. लांब कशाला जायला पाहिजे, फेरीतून दिवाडीला न्या, खाजन म्हणजे खाडीकाठची शेतं दाखवा. खारं पाणी अडवणारे बांध आणि भरती-ओहोटीला आपोआप मिटणारी-उघडणारी मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं, हे सगळं आमच्यासारख्यांच्या हातचं काम, पण पाटी नाही कुठे. कुणबी साडी आता बुटीकमध्ये महाग मिळते, नेसणाऱ्या म्हाताऱ्या कमी होत चालल्यात, ते असो. सासूबाईंना धालो, म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव, बघायचा असेल तर पौषात बोलवा, रात्री उशिरापर्यंत बायका गातात. मांडावर, म्हणजे धालोच्या पवित्र जागेवर, चपला घालून जायचं नाही आणि विचारल्याशिवाय मोबाईल काढायचा नाही, बाकी कोणी अडवणार नाही.