लिबजीफोर्ट्रान.एसओ.३ सापडत नाही, सिमलिंक करूनही जुना प्रोग्रॅम चालेना

रेणूवाला:
उबुंटू २२.०४ वर एक जुना फोर्ट्रान सिम्युलेशन प्रोग्रॅम चालवायचाय. सध्या हातात फक्त बायनरी (कंपाइल केलेली फाइल), सोर्स नाही. आधी लिबजीफोर्ट्रान.एसओ.३ (फोर्ट्रानची रनटाइम लायब्ररी) सापडत नाही म्हणून अडला. मशीनवर एसओ.५ होती, तिलाच एसओ.३ नावाने सिमलिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारं दुसरं नाव) केली. आता म्हणतो, ‘व्हर्जन जीफोर्ट्रान_१.० नॉट फाउंड’. एपीटीत (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरमध्ये) लिबजीफोर्ट्रान३ नावाचं पॅकेजच नाही. काय करू?

पाथशोधक:
पहिल्यांदा ती सिमलिंक उडवा. नावातला आकडा शोभेचा नसतो. जीसीसी (जीफोर्ट्रान ज्यात येतो तो कंपायलर-संच) ६ पर्यंत एसओ.३, ७ ला एसओ.४ आणि ८ पासून एसओ.५. आठमध्ये अ‍ॅरे डिस्क्रिप्टरची (अ‍ॅरेचा पत्ता आणि आकार सांगणाऱ्या नोंदीची) मांडणी बदलली, स्ट्रिंगची लांबी पाठवायची पद्धतही बदलली. व्हर्जनच्या तपासणीने अडवलं हे बरंच झालं, नाहीतर आकडे चुकले असते आणि कळलंही नसतं.

उबुंटूच्या १८.०४ मध्ये ते पॅकेज होतं, २०.०४ ला गेलं. जुनं डेब पॅकेज ओढून बसवत बसू नका. कॉन्डा या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरचं वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, त्यात लिबजीफोर्ट्रानची ३.०.० आवृत्ती टाका आणि एलडी_लायब्ररी_पाथमध्ये (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) त्या एन्व्हायर्नमेंटचा लिब फोल्डर द्या.

आणि बायनरीवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्रऱ्या दाखवणारी कमांड) चालवा. लोडर (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या जोडणारा) पहिली लायब्ररी सापडली नाही की तिथेच थांबतो, एलडीडी ‘नॉट फाउंड’ची अख्खी यादी देतो.

बॅशबहाद्दर:
एलडी_लायब्ररी_पाथ बॅशआरसीत (बॅश शेल उघडताना चालणाऱ्या फाइलीत) मात्र घालू नका. कॉन्डाच्या लिबमध्ये लिबटिनफो, लिबकर्ल वगैरेही असतात. मग साध्या बॅशलाही ‘लिबटिनफो.एसओ.६: नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल’ अशी कुरकुर सुरू होते आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. हा प्रोग्रॅम सुरू करणारी चार ओळींची रॅपर स्क्रिप्ट करा, व्हेरिएबल तिथेच ठेवा.

बायनरी कुठून आली याची खात्री नसेल तर एलडीडीही नको, काही वेळा तो फाइलमधला कोड चालवू शकतो. रीडएल्फ -डी वापरा आणि ‘नीडेड’च्या ओळी वाचा. मात्र त्यात थेट लागणाऱ्या लायब्रऱ्याच दिसतात, त्यांच्या पोटातल्या नाहीत.

रेणूवाला:
सिमलिंक काढली, कॉन्डाने एसओ.३ चा प्रश्न मिटला. एलडीडीत आता एकच उरली: लिबएफएफटीडब्ल्यू३एफ.एसओ.३. पण एफएफटीडब्ल्यू (फूरिए ट्रान्सफॉर्मची लायब्ररी) तर आहे की मशीनवर!

पाथशोधक:
तीनच्या पुढचा ‘एफ’ बघा. ती सिंगल प्रिसिजनची, तुमच्याकडे डबलची असणार. एपीटीने लिबएफएफटीडब्ल्यू३-सिंगल३ टाका. एफएफटीडब्ल्यू स्वतः बांधणाऱ्यांचीही इथेच चूक होते: एनेबल-फ्लोट दिल्याशिवाय ‘एफ’वाली बनत नाही आणि एनेबल-शेअर्ड दिल्याशिवाय .एसओ बनत नाही.

रेणूवाला:
चालला! दरम्यान सोर्सही मिळाला, पण जीफोर्ट्रान ११ ने कंपाइल करताना ‘टाइप मिसमॅच’च्या ढिगभर एरर येताहेत.

बॅशबहाद्दर:
जीसीसी १० पासून कंपायलर कडक झालाय, एकाच सबरूटीनला कधी रिअल तर कधी इंटिजर पाठवलेलं चालवून घेत नाही. -एफअलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच द्या, एररच्या वॉर्निंग होतील. त्या वाचा मात्र; एमपीआयच्या (समांतर प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीच्या) कॉलवरच्या बहुतेक निरुपद्रवी असतात, पण एखादी खरीखुरी चूक त्याच गर्दीत लपलेली असते. बांधून झालं की कॉन्डावाल्या बायनरीसोबत एकाच इनपुटवर चालवा आणि सिम्युलेशनने दिलेले ऊर्जेचे आकडे ताडून बघा. शेवटच्या एक-दोन दशांश स्थळांचा फरक चालेल.